नुसतं विचारून ठेवलं

अण्णांना काहीही विकत घ्यायचं नसतं. त्यांना भाव माहीत हवा असतो, बस्स. साताऱ्याच्या मंडईत ते हापूसची पेटी उघडायला लावतात, दोन फळं हुंगतात, "उतरेल का काही?" असं गंभीरपणे विचारतात आणि चार लिंबं घेऊन घरी येतात. काकूंनी पेटीचं काय झालं म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नुसतं विचारून ठेवलं."

माणूस सरकारी कचेरीत लेखाशाखेतला. आयुष्यात हप्ता भरला तो एकदाच, फ्रिजचा, आणि तोही देय तारखेच्या चार दिवस आधी. बायकोच्या आग्रहावरून घेतलेलं एक क्रेडिट कार्ड आहे, ते पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात असतं. उधारीचा त्यांना मनापासून तिटकारा. पण उधारी काय भावानं मिळते, हे कळल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

पूर्वी यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. दुकानदार मनातल्या मनात चार शब्द हासडायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. बँकेतही खिडकीवर जाऊन "घरकर्जाचा रेट काय चाललाय?" म्हणून विचारलं तर त्याची नोंद कुठे होत नाही, आजही नाही. घोळ सुरू होतो तो पॅन नंबर देऊन फॉर्मवर सही ठोकली की. मग ती बँक तुमचा पतअहवाल मागवते, आणि मागवल्याची नोंद त्याच अहवालात बसते: तारीख, कशासाठी, किती रकमेसाठी. अण्णांना हे ठाऊक नव्हतं. सही करायला पैसे पडत नाहीत, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

तेव्हा मॉलमधल्या स्टॉलवर एक ट्रॅव्हल बॅग फुकट मिळते म्हणून त्यांनी कार्डाचा अर्ज भरला. मोबाइलच्या दुकानात "हप्ता किती बसतो बघू तरी" म्हणत ओटीपी सांगून टाकला. दुचाकीच्या शोरूममध्ये पॅन दिला. अण्णांना सायकलसुद्धा धड येत नाही. घरांच्या प्रदर्शनात तर एका कर्जवाल्या एजंटाने त्यांना खुर्ची दिली, कोल्ड्रिंक पाजलं आणि "काका, फाइल लॉगिन करून टाकतो, जिथे रेट कमी तिथे घ्या" म्हणून एकाच फाइलची पाच बँकांत रवानगी केली. तिघांनी कर्ज मंजूर केलं. अण्णांनी तिघांनाही बाणेदारपणे नकार कळवला. प्रोसेसिंग फी फार होती म्हणे.

आणि मग खरंच गरज पडली. बिल्डिंगमध्येच, खालच्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला. गुडघ्यांसाठी काकूंना तो हवाच होता. तीस लाखांचं कर्ज काढायचं ठरलं आणि सोबतीला मला घेऊन अण्णा बँकेत गेले.

मॅनेजर मॅडम तरुण होत्या. त्यांनी अहवालाची प्रत पुढ्यात ओढली, पेनचं टोक एका रकान्यावर ठेवलं आणि ते हळूहळू खाली नेऊ लागल्या. पेन बराच वेळ खाली जात राहिलं.

"काका, तुमचा स्कोअर 741 आहे. तसा वाईट नाही. तीनशेपासून नऊशेपर्यंत असतो, आम्ही साडेसातशेच्या वर बघतो. पण या एवढ्या इन्क्वायऱ्या? दुचाकी, पर्सनल लोन, कार्ड, घरकर्ज पाच वेळा. आणि खाली कर्ज एकही नाही."

"नाहीच! मी घेतलंच नाही ना," अण्णा अभिमानानं म्हणाले.

"तेच तर. सगळ्यांनी नाकारलं असं दिसतंय."

अण्णा खुर्चीत ताठ झाले. "मला कोण नाकारणार? मी नाकारलं! तीन बँकांना!"

"ते यात येत नाही, काका."

येत नाही हे खरं आहे. माणसाने मागितलं, एवढंच त्या कागदाला कळतं. त्याला दिलं नाही, की त्यानेच फी पाहून पाठ फिरवली, याला रकाना नाही. स्कोअरचं म्हणाल तर एकेका इन्क्वायरीने चारदोन अंक हलतात, थकलेल्या हप्त्यापुढे ते काहीच नाही. पण कर्ज देणारा नुसता अंक बघत नाही. थोड्या महिन्यांत दारोदार मागत फिरलेला माणूस दिसला की त्याला वाटतं, याला कुठेतरी मोठं भोक पडलंय. जन्मभर कर्जाला विटाळ मानणारे अण्णा त्या कागदावर गावभर हात पसरणारे ठरले होते.

त्यातून घाव असा, की त्यांच्या साडूंना त्याच शाखेतून कमी दराने कर्ज मिळालं होतं. साडूंच्या डोक्यावर गाडी, फ्लॅट, टीव्ही सगळं हप्त्यावर. पण हप्ता एकही चुकलेला नाही, आणि साडू जिथे जातात तिथे घेऊनच येतात.

मॅडमनी सांगितलं, सहा महिने कुठेही अर्ज करू नका, मग या. ते सहा महिने काकूंनी घरात सुतकासारखे पाळून घेतले. मेथीच्या जुडीला सिबिल लागत नाही, हेही अण्णांना समजावून सांगावं लागलं.

पण चौकशीचा पाझर कुठे बुजतो? स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर स्कोअर कमी होत नाही, हे त्यांना कुठून तरी कळलं. शिवाय पतअहवाल देणारी सिबिल ही एकच कंपनी नाही. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन आहेत, आणि वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचं बंधन चौघींवरही आहे. फुकट हा शब्द ऐकून अण्णांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. चार कंपन्यांचे चार वेगळे आकडे ते बीपीच्या वहीत, वरच्या-खालच्या आकड्यांशेजारी, लिहून ठेवू लागले. 2025च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरला नवऱ्या मुलाचं सिबिल पाहून लग्न मोडल्याची बातमी आली, तेव्हा ते कात्रण त्यांनी साडूंना पाठवलं. का, ते साडूंना अजून कळलेलं नाही.

पाचव्या महिन्यात त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला: एका वित्तसंस्थेने तुमचा पतअहवाल पाहिला आहे. असा मेसेज पाठवायचाच, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 पासूनचा हुकूमच आहे. अण्णांचा पारा चढला. "मला न विचारता माझी चौकशी? हे कोण लागून गेले?" छत्री घेऊन ते त्या संस्थेच्या शाखेत जाऊन थडकले. मी मागोमाग होतोच.

काउंटरवरच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं. कुठलं तरी जुनं खातं असेल, त्याची नेहमीची तपासणी असेल, बघून सांगतो म्हणाला, आणि त्याने पॅन नंबर मागितला. अण्णांनी तो घडाघडा सांगितला. मुलगा टाइप करत असताना त्यांची नजर मागच्या भिंतीवरच्या पोस्टरवर गेली. चष्मा वर सरकला.

"बरं, आलोच आहे तर," अण्णा पुढे झुकून म्हणाले, "सोन्यावर किती टक्क्यांनी देता हो तुम्ही?"