सहाची, अकराची, चारची

स्पेनमध्ये नोकरीला असलेला पुतण्या सफाळ्याला येतो तेव्हा पिशवीत खाऊऐवजी बाटली असते. यंदाची होती रिबेरा साक्राची. रिओहाचं नाव कानावरून तरी गेलेलं. हा मुलूख मात्र अगदीच नवा. वायव्य स्पेनमधल्या गालिसियात, सिल आणि मिन्यो नद्यांच्या काठी. मळे इतक्या उभ्या उतारावर की द्राक्षांच्या पेट्या कुठे रुळांवरून, तर कुठे होडीतून न्याव्या लागतात. द्राक्षाची जात मेन्सिया. सरकारी मानांकन मिळालं 1996 साली.

पुतण्याने ग्लास गरगर फिरवला, त्यात नाक घातलं आणि डोळे मिटून म्हणाला, "काका, पाटीच्या दगडाचा वास येतोय ना?"

त्या मातीत पाटीचा दगड आहे, हे खरं. पण माझ्या पाटीला थुंकीचा वास यायचा. मी नुसती मान हलवली. वाइन फक्कड होती, त्याबद्दल वाद नाही.

पण अपरिचित प्रदेशच धुंडाळायचा, तर विरार सोडून वैतरणेचा पूल ओलांडला तरी पुरे. डहाणूपर्यंत लोकल धावू लागली 2013 साली. त्याआधी मुंबईकरांच्या लेखी आम्ही जवळपास गालिसियातच होतो. वर बोर्डीला चिकूची वाइन होते. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे कागदपत्रांतही आपण मागे नाही. ताडीला मात्र कागद नाही, लेबल नाही, बूचही नाही.

वाइनवाले साल विचारतात, ताडीवाल्याला वेळ विचारायची. रात्रभर ताडाच्या कापलेल्या फुलोऱ्यातून रस ठिबकतो. मडक्याला आतून चुना लावून उजाडायच्या आत उतरवला तर ती नीरा. चुना नसेल तर हवेतलं नि मडक्यातलं यीस्ट कुणाची परवानगी न मागता कामाला लागतं. सहाची ताडी गोड, लहान मुलासारखी निष्पाप. अकराची फेसाळते, जिभेला चिमटे काढते. चारची आंबट आणि कडक. ती प्यायलेला माणूस फलाटावर उभा राहून गाडीलाच वेळापत्रक समजावतो. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत फुगे करायला पिठात ताडी घालत, तेव्हा तिचं हे उतावळेपण कामी यायचं. दुसऱ्या दिवशी उरतो तो शिरका.

पुतण्याला अकराची पाजली. त्याने सवयीने ग्लास फिरवला, ताडी शर्टावर आली. मग नाकबिक न घालता सरळ प्यायला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मित्रांसाठी एक बाटली नेतो."

ताडीवाल्या भाऊंनी त्याला खालपासून वर न्याहाळलं.

"विमान किती तासांचं?"

"मध्ये बदलायचं असतं. घरी पोचेपर्यंत वीसेक तास."

"न्या की," भाऊ म्हणाले. "बूच तेवढं घट्ट लावू नका. आणि पोचल्यावर कांदा चिरून ठेवायला सांगा, त्यावर घालायला बरी."