नाना गरवतात

नानांच्या घरी चहाबरोबर चमचा मिळत नाही. साखर आतून घालूनच येते आणि ढवळायचं असेल तर बिस्किट पुढे करतात. घरातले झाडून सगळे चमचे मागच्या पत्र्याच्या पडवीत दांडे कापून, दोन्ही टोकांना भोकं पाडून, एकीकडे कडी आणि दुसरीकडे तीन तोंडांची गरी अडकवून खिळ्यांना टांगलेले असतात. पाण्यातून ओढला की चमचा लडबडतो, चकाकतो आणि मोठ्या माशाला वाटतं, जखमी तारली चालली आहे. ‘वाटतं’ हे नानांचं म्हणणं. माशाचं म्हणणं अजून कोणी घेतलेलं नाही.

नाना एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच काम आहे, रत्नागिरीच्या भाट्याच्या खाडीवर गरवायला जाणं. आमच्याकडे मासे ‘धरतात’ ते जाळंवाले, गरीवाले ‘गरवतात’. जाळंवाला दुपारी जेवून झोपतो, गरवणारा रात्रीसुद्धा झोपत नाही, एवढाच काय तो फरक. खाडीच्या वरच्या टेकाडावर ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. इंग्रजांनी 1886 साली त्याला रत्नागिरीत आणून बसवलं आणि 1916 साली तो इथेच वारला. तीस वर्षं रिकामा वेळ आणि समोर एवढी खाडी! “राजाला कोणी गरी दिली असती तर बिचारा सुखात गेला असता,” असं नाना मनापासून म्हणतात. राज्य गेल्याचं त्यांना काही वाटत नाही.

दर रविवारी सकाळी पुलाजवळ गरवणाऱ्यांची देवाणघेवाण चालते. पैशाचं नाव काढायचं नाही. ल्यूर, म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष, द्यायची आणि ल्यूर घ्यायची. मिठाईचे रिकामे डबे उघडतात आणि आतून कोणाची पांगाऱ्याच्या लाकडाची मासोळी निघते, कोणाची बॉलपेनच्या नळीची, कोणाची कोंबड्याच्या पिसाची. देताना प्रत्येक जण वंशावळ सांगतो. “ही घे. हिच्यावर परवा सहा किलोचा जिताडा सुटला.” सुटला, हं. ल्यूरचा मोठेपणा तिच्यावरून सुटलेल्या माशावर ठरतो, कारण मिळालेल्या माशाला काटा लागतो, सुटलेल्याला लागत नाही.

दुसरी गोष्ट मला कळायला दोन वर्षं लागली. पास झालेली ल्यूर डब्यात कधीच नसते. ती घरी, देव्हाऱ्याच्या आसपास असते. डब्यात असतात त्या नापास. सहा रविवार पाण्यात फिरवून जिला शेवाळापलीकडे काही लागलं नाही, ती सातव्या रविवारी जिवलग मित्राला मिळते. सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि तरी सगळे हावऱ्यासारखे हात पुढे करतात, कारण प्रत्येकाची खात्री असते की खोट ल्यूरमध्ये नाही, आधीच्या मालकात होती.

या व्यवहारात नानांचे हाडवैरी म्हणजे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या ल्यूरवर खवलं एकेक करून रंगवलेली, डोळ्यात पांढरा ठिपका, कल्ल्यापाशी गुलाबी छटा. बघणाऱ्याला वाटावं, हिला फ्रेम करावी. मासेही बहुधा तसंच समजत, लांबून बघून निघून जात. मास्तरांना आयुष्यात त्यांवर एक मासा लागला नव्हता. उलट नानांच्या ल्यूर म्हणजे अपघातातून वाचलेल्या.

मास्तरांचं वाचन दांडगं. एकदा त्यांनी फिनलंडच्या लाउरी रापालाची कथा सांगितली. हा गरीब मच्छीमार. 1936 च्या सुमाराला त्याने बुचाची मासोळी कोरली, चकाकायला तिला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा मुलामा दिला. पुढे त्याच्या नावाच्या ल्यूर जगभर गेल्या. मास्तरांना यातून कारागिरीचं माहात्म्य सांगायचं होतं. नानांनी फक्त सामानाची यादी ऐकली. दुपारी त्यांच्या पडवीतून असा काही वास सुटला की शेजारची मांजरं दोन दिवस फिरकली नाहीत. चांदी नातवाकडून मिळाली होती. निगेटिव्ह कपाटात, एका जुन्या पाकिटात होत्या.

“ह्यांनी माझं लग्न पाण्यात घातलंनी,” नानी आल्यागेल्याला सांगत होत्या. अक्षरशः खरं होतं. सप्तपदी आणि मंगलाष्टकं भाट्याच्या खाडीत तीन रविवार फिरली. चौथ्या रविवारी एका खडकात अडकून तुटली.

त्यानंतर नानी कपाटाला कुलूप लावू लागल्या. मग नानांनी त्यांची निळी हवाई चप्पल उचलली, तीही डावीच. तिच्या तळव्यातून त्यांनी कोळंबी कापली, मिशा झाडूच्या हिरांच्या. “ही कोळंबी?” मास्तर म्हणाले, “हिला आईबापांनीही ओळखलं नसतं.” नानांनी ती सहा रविवार फिरवली आणि सातव्याला मला दिली. मी पहिल्याच फेकीत कांदळाच्या मुळांपाशी सव्वादोन किलोची तांबोशी काढली. काट्यावर. पाच जणांसमोर.

नानांनी माझी पाठ थोपटली, पण थोपटणारा हात ल्यूरच्या दिशेने सरकत होता. “बघू जरा, गंजली तर नाय ना गरी?” त्या दिवसापासून आमचं बोलणं फिरून फिरून निळीवर यायचं. माझ्या मुलाची बारावी, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुठूनही सुरुवात होवो. मी काही दिली नाही. पास झालेली होती.

मग नाना म्हणाले, ल्यूरमध्ये काही नसतं, मासा आत असतो आणि आपण काठावर, ही खरी अडचण. मास्तरांनीच कुठेतरी वाचलं होतं की अमेरिकेत लोक ट्यूबमध्ये बसून, पायात फ्लिपर घालून तळ्यात गरवतात. नानांनी भंगारवाल्याकडून बसच्या चाकाची ट्यूब आणली. मधे कॅनव्हासची बैठक, पाठीला प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ, बाजूला दुधाची पिशवी अडकवायचा हूक. ट्यूबला अकरा पॅच होते. अकराही आपल्या हातचे, म्हणून ते निर्धास्त. हवेवर बसायचं आणि अंगाभोवती चाळीस टोकदार गऱ्या बाळगायच्या, या बेतात काही विसंगती आहे असं मी सुचवून पाहिलं. “मेल्या, अठ्ठावीस वर्षं पंक्चर काढलीत,” नाना म्हणाले.

आणि खरंच, ट्यूब फुटली नाही. आम्ही सगळे त्याच आशेने जमलो होतो.

माघी पौर्णिमा होती. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती पुरी. हिशोब बरोबर होता. नाना दहाला तुळतुळीत पाण्यात उतरले, उलटे, पाय मारत, पाठमोरे. ट्यूबवाला जिकडे जातो तिकडे त्याचं तोंड नसतं. साडेबाराला सुकती लागली. आम्ही पुलावरून हाका मारल्या. “आता तर लागायची वेळ झाली!” हेही बरोबर, वाहत्या पाण्यात मासा चरायला निघतो. दोन वाजता त्यांना काहीतरी लागलं आणि अर्धा तास ते त्याच्याशी झुंजले. निघालं एक गोणपाट. तोवर पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी जसं चढलं होतं तसंच उतरलं आणि नाना खाडीच्या मधोमध, मांडीभर चिखलात, ट्यूबमध्ये आरामखुर्चीत बसावं तसे बसून राहिले. होडी जाईना, पाणी नव्हतं. माणूस जाईना, जमीन नव्हती.

सव्वापाचच्या आधी सुकती पुरी होणार नव्हती आणि नाना हलण्याजोगं पाणी यायला आणखी दोन तास. पुलावर गर्दी झाली. कोणी म्हणालं फ्लिपर काढा, कोणी म्हणालं मुळीच काढू नका. नानी आल्या, त्यांनी एकदा पाहिलं, “जेवलेत का विचारा,” म्हणाल्या आणि घरी गेल्या.

तेव्हा मास्तर पुढे झाले. त्यांनी बिस्किटांचा पुडा आपल्या सगळ्यात सुंदर ल्यूरला बांधला, कठड्यावरून उतरून चिखलाच्या कडेला गेले आणि गरी फेकली. पहिल्या फेकीत पुडा चिखलात. दुसऱ्या फेकीत गरी नानांच्या सदऱ्याच्या बाहीत. मास्तरांच्या ल्यूरला आयुष्यात पहिल्यांदा काही लागलं होतं आणि त्यांनी, सवय नसल्यामुळे असेल, जोरात ओढ घेतली. “सोडा हो! सोडा!” नाना ओरडत होते. पुलावरून पाच-सहा जण एकदम ओरडले, “सोडू नका, दमवा!” बाही फाटली. पुडा मात्र पोचला. मास्तर आता कोणालाही ती ल्यूर दाखवताना सांगतात, हिच्यावर बहात्तर किलोचा सुटला.

साडेसातला नाना तरंगले. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी ट्यूबमधली हवा सोडली, घडी घातली आणि माझ्याकडे वळले. “ही तू घे. एकदम झकास चालते. निळी दे.”

अंगभर चिखल लागलेल्या माणसाला नाही म्हणवेना. मी दिली.

मे महिन्यात मुंबईची पोरं आली तेव्हा ट्यूब फुगवून आमच्या विहिरीत टाकली. अकरा पॅच, एकही गळला नाही. चार पोरं तिच्यावर लोंबकळत दिवसभर दंगा करत होती. संध्याकाळी नाना आले, काठाशी उभे राहिले, बराच वेळ बघत होते.

“चालते की रे,” म्हणाले. थोड्या वेळाने विहिरीकडेच बघत विचारलं, “दोन दिवस देतोस?”