आणेवारीचा खेळ

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने 1541 साली कायदा करून कारागिरांना व मजुरांना हिरवळीवर गोळे घरंगळवण्याची मनाई केली, आणि नाताळाच्या सणात, तेही धन्याच्या घरी, एवढी सवलत काय ती शिल्लक ठेवली. हा कायदा आमच्या करमाळा तालुक्यास लागू करण्याचा प्रसंग आला असता तर त्याची अंमलबजावणी सरकारी तिजोरीस एका पैशाचीही तोशीस न पडता झाली असती, कारण ज्या हिरवळीवर गोळे घरंगळवावयाचे त्या हिरवळीचीच मनाई आमच्याकडे निसर्गाने कित्येक शतके आधी फर्मावलेली आहे. आषाढ-श्रावणात माळावर जे काही हिरवे डोकावते त्यावर शेळ्यांची वहिवाट इतकी जुनी व निर्वेध आहे की तिच्याविरुद्ध दावा चालणार नाही, आणि चालला तरी निकाल लागेपर्यंत वादाची मिळकतच शिल्लक उरणार नाही.

साहेबाच्या देशात गोष्ट निराळी. तेथे गवत इतके माजते की 1830 साली एडविन बडिंग नावाच्या गृहस्थाला ते कापण्याचे यंत्र काढावे लागले, आणि मग कापलेल्या गवताचे करावयाचे काय या विवंचनेतून, मला वाटते, त्या लोकांचे निम्मे खेळ जन्मास आले. विम्बल्डनचा प्रख्यात क्लब 1868 साली स्थापन झाला तो लाकडी मोगरीने चेंडू कमानींतून हाकण्याच्या क्रोके नामक खेळासाठी. टेनिसची पहिली स्पर्धा तेथे व्हावयास 1877 साल उजाडावे लागले.

हे सारे वाचन मला करावे लागले ते आमच्या सायंमंडळामुळे. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झाल्यावर ज्या मंडळींत माझी बैठक जमली, त्यांत एक गुरुजी, वयाने निवृत्त झालेले परंतु वृत्तीने मुळीच न झालेले एक वकीलसाहेब, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या कृपेने ऊस आणि केळी पिकवणारे दोन बागायतदार, आणि आभाळाकडे पाहून मानेचे दुखणे जडलेले काही जिरायतदार होते. डॉक्टरांनी सर्वांना रोज चालावयास सांगितले होते. चालणे मंडळींनी एकमताने फेटाळले. 'चालण्यात प्रतिपक्ष नसतो,' असे वकीलसाहेबांनी कारण नमूद केले, आणि ते मला आजही अखंडनीय वाटते. सबब, वाकण्याचा त्रास बेताचा, खर्च शून्याजवळ आणि तंट्यास भरपूर वाव, अशा एखाद्या नेमबाजीच्या खेळाचा मसुदा तयार करण्याचे काम दफ्तराचा अनुभव असलेला इसम या नात्याने माझ्याकडे आले.

पूर्वाधार शोधता शोधता मी फ्रान्सपर्यंत पोहोचलो. तेथे ला सिओटा या बंदराच्या गावी 1907 साली, संधिवाताने जखडलेल्या एका खेळाडूला पूर्वीप्रमाणे धावून गोळा टाकता येईना म्हणून, मित्रांनी एका जागी उभे राहून टाकण्याचा नियम केला, आणि त्यातून पेतांक हा खेळ निघाला. सहा ते दहा मीटरांवर ठेवलेल्या इवल्याशा लाकडी गोळीच्या शक्य तितके जवळ लोखंडी गोळा नेऊन ठेवावयाचा, एवढेच त्यातील कर्म. त्याला गवत लागत नाही, खडीची जमीन चालते. गुडघे आणि जमीन या दोन्ही बाबतींत करमाळ्याचे ज्याच्याशी इतके साम्य आहे असे दुसरे गाव पृथ्वीच्या पाठीवर असेल असे मला वाटत नाही.

पण खडीदेखील आम्हांस विकत घ्यावी लागली नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांत गोळा गेला तर तो परत मिळण्यासाठी पुढच्या पावसाची वाट पाहावी लागेल, ही अडचण खरी होती. परंतु एका जिरायतदाराच्या वस्तीवर, मळणीयंत्र आल्यापासून बेकार पडलेले, वडिलार्जित खळे होते. ज्याने जुने खळे पाहिले नाही त्याला हिरवळीचे कौतुक खुशाल असावे! जमीन भिजवून, बैल फिरवून, चोपून आणि शेणाने सारवून तयार केलेली ती वर्तुळाकार भूमी विम्बल्डनलाही खाली मान घालावयास लावील अशी सपाट असते, आणि पूर्वी ज्याच्याभोवती बैलांची पात फिरे तो तिवडा वर्तुळाच्या नेमका मध्यभागी उभा असतो. लक्ष्य आयते मिळाले. गोळे सुताराने बाभळीच्या ओंडक्यातून काढून दिले. ते एका अंगाला जड निघाले, याबद्दल गुरुजींनी तक्रार केली. तेव्हा इंग्रज लोक आपला गोळा मुद्दाम एकांगी घडवतात व त्याच्या वाकड्या चालीतच खरे कसब मानतात, हे मी सप्रमाण दाखवून दिले. आमच्या सुताराने ते कसब कोणताही हेतू न बाळगता साधले होते.

राहता राहिली गणनापद्धती, आणि येथे माझ्या नोकरीचे सार्थक झाले. 1957 साली आणे सरकारी हिशेबातून गेले, कागदांत पिकाच्या अंदाजाची पैसेवारी आली, पण करमाळ्याच्या तोंडी आणेवारी राहिली ती राहिलीच. तिवड्याला टेकला तो गोळा सोळा आणे. वितीच्या आत बारा, हाताच्या आत आठ, वावेच्या आत चार. खळ्याबाहेर गेला तो पडीक. प्रत्येक गोळ्याची प्रथम नजर आणेवारी, मग सुतळीने मोजून सुधारित, आणि हरकती ऐकून अंतिम. डाव 96 आण्यांचा, कारण कमलाभवानीच्या मंदिराला 96 खांब आणि विहिरीला 96 पायऱ्या असताना करमाळ्यात दुसऱ्या कोणत्याही आकड्यावर डाव संपवणे औद्धत्याचे झाले असते.

पहिल्याच दिवशी एका जिरायतदाराचा गोळा हातभर अंतराच्या आत, सर्वांदेखत, सुरेख येऊन थांबला. मी 'आठ आणे' असा पुकारा केला. तो गृहस्थ घाईघाईने पुढे झाला, आपला पंजा होता तेवढा आखडून त्याने अंतर वितींनी मोजले, आणि काकुळतीने म्हणाला, "न्हाई सायेब, आठ आणे कुठलं? लांब हाय त्यो. फार तर सा आणे धरा." त्याला कोणी काय दोष द्यावा? आठ आणे म्हणजे पन्नास पैसे, आणि पन्नास पैशांच्या वर पीक लागले की साऱ्याची सूट गेली, कर्जाचे पुनर्गठन गेले, पोरांची परीक्षा-फीमाफी गेली; जन्मभर ज्याने सर्कल अधिकाऱ्यासमोर उभे राहून कणसे लपवली, त्याच्या कानी आकडा पडताच जीभ खालीच वळणार. बाकीच्या जिरायतदारांनी त्याला एकमुखाने पाठिंबा दिला. प्रतिपक्षी बागायतदार त्याचे आठ आणे कायम करा म्हणून भांडत होते आणि तो ते नाकारीत होता, असा खेळ मी तरी इतरत्र कोठे वाचलेला नाही.

तेव्हा नियमांत दुरुस्ती केली. हाताच्या बाहेर, परंतु हातावर चार बोटे यापलीकडे नाही, अशा चिंचोळ्या पट्ट्यात जो गोळा राहील तो सर्वश्रेष्ठ, आणि त्याची किंमत 48 पैसे. तिवड्याला टेकला तो 'सुकाळ' समजून बाद. असे दोन गोळे साधले की देवीचा आकडा पुन्हा आपोआप भरतो, हे कोणी नंतर लक्षात आणून दिले. त्याचे श्रेय मी घेत नाही. या दुरुस्तीने खेळाला जी खोली आली ती अपूर्व होती. नेम धरून तिवडा गाठणे कोणालाही जमेल. संपन्नतेच्या उंबऱ्यापाशी येऊन नेमके चार बोटे अलीकडे थांबणे याला पिढ्यानपिढ्यांची तपश्चर्या लागते. बागायतदार बिचारे सुकाळावर सुकाळ पाडून हरू लागले.

मध्यंतरी, पहिल्या नियमातले 96 आणे म्हणजे सहा रुपये होतात हे कोणी हिशेबी माणसाने ताडले, आणि वस्तीवर म्हातारे सहा रुपयांचा डाव खेळतात अशी आवई गावात उठली. "या वयात आता हेच राहिलं होतं का, अहो?" असे घरून विचारले गेले. वकीलसाहेबांना मात्र तरतरी आली. महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, 1887 याचे कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळास कायद्यातून वगळते, हे त्यांनी भर चौकात समजावले आणि संशयितांना प्रात्यक्षिकासाठी खळ्यावर पाचारण केले. त्या दिवशी पहिले गोळे पडीक गेले, आणि एक गुरुजींच्या छत्रीवर आदळला. यात कौशल्य कोठे, अशी पृच्छा झाली असता, खेळाडूंत कौशल्याचा अभाव असणे हा खेळात कौशल्य नसल्याचा पुरावा होत नाही, असा युक्तिवाद त्यांनी केला. जमाव निरुत्तर होऊन पांगला.

हंगामाच्या अखेरच्या सामन्यात वकीलसाहेबांचा गोळा पट्ट्याच्या कडेवर थांबला आहे. नजर आणेवारी 48 पैसे झाली, सुधारित 50 झाली, आणि सुतळी दमट असल्याने ती आकसली, या त्यांच्या हरकतीवर सुनावणी चालू आहे. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या झाल्या आहेत, फक्त त्या दोन वेगवेगळ्या पंचनाम्यांवर झाल्या आहेत. अंतिम आणेवारी जाहीर होईतो चहाचा खर्च उभय पक्षांनी निम्मा निम्मा सोसावा असा अंतरिम हुकूम मी दिला. त्याविरुद्धही त्यांचे अपील दाखल आहे, आणि ते माझ्याचकडे असल्यामुळे तारीख द्यावी लागली आहे.