शक्तिमानचा सेल लागेना

वरूडच्या काळ्या मातीत पाऊस मुरला की संत्र्यांनी भरलेला ट्रक बागेतून बाहेर निघता निघत नाही. म्हणून तिथल्या एका बागायतदारानं चारही चाकांनी ओढणारा गडी शोधला: सैन्यातून निवृत्त झालेला शक्तिमान. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून जबलपूरला बनलेल्या या ट्रकांनी हिमालय पालथा घातला. जबलपूर ते वरूड म्हणजे त्याला अंगणच!

निघण्यापूर्वी मालकानं गाडीला चेसिससकट संत्र्याचा रंग फासला. ड्रायव्हरनं त्याहून मोठी सुधारणा केली. टेप बसवला आणि सुरेल हॉर्नही.

सिवनीला चहा झाला. बटण दाबलं, तर आतून नुसतं ‘टक्’. गाणं मात्र चालू होतं. गावकऱ्यांनी ते टनावारी धूड ढकललं. छिंदवाड्यापुढं सिल्लेवानीचा घाट लागला तेव्हा ड्रायव्हरच्या जिवात जीव आला. उतारावर लावायची, ब्रेक सोडायचा, गाडी चालू.

तज्ज्ञ मात्र सपाटीवरच भेटले. सौंसरला एकानं सेलचे, म्हणजे स्टार्टरचे, कार्बन झिजल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं सोलेनॉइडवर आळ घेतला. तिसऱ्यानं गाडीचं तोंड दक्षिणेकडं असल्याचा दोष काढला. रस्ताच तिकडं, त्याला कोण काय करणार?

पांढुर्ण्याला पुन्हा ‘टक्’. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात. पण ट्रक अडला त्या दिवशी मात्र दोन्ही काठांचे लोक ट्रकच्या एकाच बाजूला आले आणि धक्का बसला.

वरूडला बसस्टँडजवळचे इलेक्ट्रिशियन काका मीटर घेऊन खाली वाकले.

“काका, सेल खोलाचा का जी?”

“थांब ना बापा! सेलनं तुह्यं काय बिघडवलं?”

सेलला 24 व्होल्ट लागतात, म्हणून 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या. काकांनी दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या. एक 12.6, भरलेली. दुसरी 11.8, आणि सेल मारताच थेट 7 वर. मग त्यांनी बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिन यांच्यात मीटर धरला. तिथं अर्ध्या व्होल्टाच्या आसपास चाललं असतं. दोन व्होल्ट वाटेतच गडप होत होते. अर्थिंगची वायर नव्या रंगावरच आवळली होती.

“टेपची तार कुठून घेतली रे?”

“एकाच बॅटरीवरून. टेप बाराचा हाय ना जी.”

“एका बैलाले उपाशी ठेवलं अन् जोडी जुंपली, तं बंडी कशी हालन?”

चार्जिंगचा प्रवाह दोन्ही बॅटऱ्यांतून सारखाच जातो. त्यामुळं टेप पोसणारी बॅटरी कधी भरतच नाही, आणि भरलेली मात्र जास्त चार्ज होऊन पाणी उडवत बसते.

काकांनी अर्थिंगखालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली, व्हॅसलीन चोपडलं. दोन्ही बॅटऱ्या रात्रभर वेगवेगळ्या चार्ज केल्या. सकाळी बटण दाबताच इंजिन धडधडलं. कार्बन, सोलेनॉइड यांना कुणी हातही लावला नव्हता.

जुन्या लष्करी गाडीत गाणी ऐकायचीच असतील, तर 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवून घ्यावा. या बागायतदारानं तो बसवला, आणि त्याचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापले.