नव्वद दिवसांचे आबा

टोकियोतल्या तोयोसूच्या उंच इमारतींतून सकाळी सकाळी मोज्यांवर चपला चढवलेलं, गळ्यात पट्ट्याने फोन अडकवलेलं कुणी बाहेर पडताना दिसलं की समजावं, आयटीतल्या एखाद्या मराठी घरी वडील आलेले आहेत. व्हिसा नव्वद दिवसांचा. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, नातू शाळेत आणि आबा फोनच्या स्वाधीन. गावी कुणी तलाठी असतील, कुणी मुख्याध्यापक. इथे सगळे आबाच. मला भेटतात ते बहुधा कोकणातले, आणि ही जात बोलल्याशिवाय जगू शकत नाही.

इथली बरीचशी यंत्रं माणसाला माणसाशी बोलावं लागू नये म्हणून केलेली आहेत. रामेनचं तिकीट यंत्रातून काढा, वाडगा पुढ्यात येतो. कार्ड टेकवा, दार उघडतं. जपानी माणसाला यात सुख आहे. आबांना हा अपमान वाटतो, म्हणून मग ते यंत्राशीच बोलतात. न्हाणीघराच्या पॅनेलमधली बाई गोड आवाजात आंघोळीचं पाणी तयार असल्याचं सांगते, तर आबा आतून "आलो, आलो" म्हणतात. ती पोरगी दिवसभर घरात एकटीच असते का, असंही त्यांनी सुनेला काळजीने विचारलेलं आहे. हॉटेलात मांजरतोंड्या रोबोने ताट आणलं तर त्याला आधी वाट करून देतात आणि मग "तुम्ही जेवलात का?" विचारतात.

भूकंपाचा धक्का पोहोचण्याआधी काही सेकंद इथे सगळ्यांचे फोन एकदम किंचाळतात. तोयोसू म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेली जमीन, 1923च्या महाभूकंपाचा राडारोडाही त्यात गेलेला. तेव्हा तो आवाज आला की इथला माणूस आधी टेबल कुठे आहे ते बघतो. आबा फोन कानाला लावून "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणतात.

पण आबांना अडाणी समजू नका. उलट त्यांना जपानच मागासलेला वाटतो. जपानमधलं सेव्हन-इलेव्हनचं पहिलं दुकान 1974 साली याच तोयोसूत उघडलं. मुलाने ते कौतुकाने सांगितलं, तर आबांचा पहिला प्रश्न, "यूपीआय घेतात का?" कोपऱ्यावरच्या छोट्या खाणावळीत फक्त रोकड चालते हे कळल्यावर तर त्यांना मालकाची कीवच आली. "आमच्याकडे कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा स्कॅन करतात," हे वाक्य त्यांनी भाषांतराच्या ॲपमधून मालकाला ऐकवलं. मालक कमरेत वाकला. आबांनी ती शरणागती समजली. घरी आल्यावर मुलाने सांगितलं, आबा, क्यूआर कोड मुळात जपानचाच, 1994 साली डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी काढलेला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला. आबा क्षणभरही डगमगले नाहीत. "काढला त्यांनी, पण भाजीवाल्यापर्यंत कोणी नेला?"

युरिकामोमे ही विनाचालक गाडी 2006 साली तोयोसूपर्यंत आली. चालकच नाही, त्यामुळे सर्वांत पुढची बाकं प्रवाशांची. तिथे नातवाला मागे सारून आबा बसतात आणि रत्नागिरीच्या मित्राला व्हिडिओ कॉल लावतात, अर्थात स्पीकरवर. डब्यात फोनवर बोलायचं नसतं हे सुनेने सांगितलेलं असतं. "मी कुठे बोलतोय? मी तर दाखवतोय," हा आबांचा युक्तिवाद, आणि खरं सांगायचं तर, मला तो पूर्ण खोडता आलेला नाही.

याच गाडीच्या शेजारशेजारच्या दोन स्थानकांवर आबांच्या आयुष्यातला मोठा गोंधळ उभा आहे. एका स्थानकावर मासळीबाजार, त्सुकिजीहून 2018च्या ऑक्टोबरात इथे हललेला. दुसऱ्यावर त्याच वर्षी जुलैत उघडलेलं टीमलॅब प्लॅनेट्स हे डिजिटल कलेचं संग्रहालय. बाजारातले मासे खरे, पण ते वरच्या सज्ज्यातून काचेपलीकडे बघायचे. ना वास, ना चिखल, ना घासाघीस. पहाटे साडेपाचनंतर ट्यूनाचा लिलाव सुरू होतो आणि बोली बोटांच्या खुणांनी लागते. 2019च्या पहिल्याच लिलावात 278 किलोचा एक मासा 33 कोटी 36 लाख येनला गेला होता. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या बंदरावर उमर गेलेल्या आबांना या खुणा कळायला कुठलंच ॲप लागलं नाही. ते इतके रंगले की त्यांनीही काचेमागून दोन बोटं वर केली. सुनेने घाईघाईने त्यांचा हात खाली घेतला.

मग प्लॅनेट्स. तिथे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी पाण्यात शिरायचं. पाण्यावर उजेडाचे मासे पोहतात, आणि ही आधी काढून ठेवलेली फिल्म नव्हे. माणूस जसा हलेल तसं संगणक चित्र घडवतो. मासा पायाला आपटला की त्याचं फूल होतं. म्हणजे खरा मासा काचेआड आणि खोटा गुडघ्याशी. आबांनी आधी दम धरला, मग खेकडा धरतात तसा बेताने हात पाण्यात घातला. हातात नुसते रंग. दुसऱ्या एका दालनात दिव्यांच्या माळांवर काय उमटवायचं ते प्रेक्षकाने आपल्या फोनवरून ठरवायचं असतं. तिथे आबांनी असा ताबा घेतला, की दोन जपानी मुली त्यांना तिथले कर्मचारी समजून काहीतरी विचारू लागल्या. आबांनी त्यांना मराठीत समजावून दिलं. सोबत आलेल्या आजी मात्र एका बाजूला शांतपणे उभ्या होत्या. त्यांनी फोन आणलाच नव्हता आणि एकंदरीत सगळं त्यांनाच नीट दिसलं, असं माझं मत आहे.

आबांनी पाण्यात परत जाऊन रत्नागिरीला कॉल लावला.

"हे बघ, मासे!"

"केवढे आहेत रे! भाव काय?"

"विकायचे नाहीत. धरला की फूल होतं."

"मग आत जायला पैसे कसले?"

आबांनी तिकिटाचे रुपये करून सांगितले. पलीकडे तेवढ्या पैशात पापलेट किती येईल याचा हिशेब मोठ्याने झाला.

"म्हणजे पैसे देऊन पाय भिजवलेस? इकडे ये, भरतीला फुकट भिजतात!"

"भिजतात," आबा म्हणाले, "पण तिथे बाहेर आल्यावर टॉवेल कोण देतं?"