डॉ. आणि त्याच्यापुढचं टिंब

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली सभासदांच्या नावांचा एक लाकडी फलक होता. पंचवीस वर्षांत तो इतका खंगला, की त्याच्यावर निम्मी नावं घर विकून गेलेल्यांची आणि तीन-चार जग सोडून गेलेल्यांची उरली होती. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नवा फलक करायचं ठरलं. काळ्या ग्रॅनाइटवर पितळी अक्षरं. कारागिरानं दर दिला होता अक्षराला साठ रुपये. काना, मात्रा, वेलांटी त्यातच. टिंबाचे मात्र वेगळे दहा.

"टिंबाचे दहा?" खजिनदार खुर्चीतून अर्धे उठले.

"त्या 'डॉ.'मधलं हो," सेक्रेटरी म्हणाले. "बारीक असतं. सगळ्यात आधी तेच पडतं, म्हणून त्याला वेगळा खिळा लागतो."

मग साहजिकच प्रश्न आला, की हे 'डॉ.' लावायचं किती जणांना? अठ्ठावीस घरांची आमची इमारत. सात हात वर झाले. त्यातला एक माझा होता. इतका वेळ खाली बघून सभा संपायची वाट पाहणारे लोक ताठ बसले. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर दहा मिनिटांत उरकलेली सभा या विषयावर पावणेदोन तास चालली.

आमच्याकडे माणसं घराच्या क्रमांकानं ओळखली जातात, त्यामुळे तसंच सांगतो. एकशे एकमधल्या बाई बालरोगतज्ज्ञ. दोनशे तीन दातांचे. तीनशे दोन म्हणजे मी. जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध लिहून मराठीत पीएच.डी. झालेला, निवृत्त. तीनशे चारमधली मुलगी फिजिओथेरपिस्ट. चारशे एक आयुर्वेदाचे पदवीधर. चारशे दोन पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले गुरांचे डॉक्टर. आणि पाचशे दोन यांना गेल्या वर्षी समाजकार्याबद्दल मानद डॉक्टरेट मिळाली होती. समारंभ हायवेवरच्या एका हॉटेलात झाला. झगा, टोपी आणि दोघांचं जेवण धरून शुल्क किती पडलं, हे त्यांनीच आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

पहिला घाव एकशे एकनं घातला. "डॉक्टर म्हणजे जो पेशंट तपासतो तो. बाकीच्यांनी हौस म्हणून घरात लावावं." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी रात्री एक वाजता पाचव्या मजल्यावरचा नवा भाडेकरू माझ्या दारावरची पाटी वाचून बेल दाबत सुटला. कडेवर तापानं फणफणलेलं पोर. मी दार उघडलं, पोराच्या कपाळाला हात लावला आणि म्हणालो, "ताप आहे." एवढं निदान त्याच्या बापानंही केलंच होतं. मग मी लेंग्यावरच दोन जिने उतरलो आणि एकशे एकचं दार ठोठावलं. चाळीस वर्षांच्या शैक्षणिक जीवनात माझ्या पदवीचा कोणाला इतक्या तातडीनं उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

तरीही मी घसा साफ केला. निवृत्त प्राध्यापकानं घसा साफ केला, की लोक घड्याळ बघतात. मी सांगितलं, की 'डॉक्टर' हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला, त्याचा अर्थ 'शिकवणे' असा आहे. मध्ययुगातल्या युरोपीय विद्यापीठांत धर्मशास्त्राचे आणि कायद्याचे पंडित डॉक्टर म्हणवून घेत. इंजेक्शनाचा त्यात काही संबंध नव्हता. उलट आपला 'वैद्य' हा शब्द जाणण्यावरून आलेला. म्हणजे बघा, जाणणाऱ्यानं आपलं नाव टाकून शिकवणाऱ्याचं घेतलं, आणि शिकवणारा बिचारा 'सर' झाला! हे ऐकून चारशे एक अस्वस्थ झाले. 'वैद्य' ही सुंदर पदवी त्यांना फुकटात मिळत होती. पण ती लावली तर लोकांना ते आडनाव वाटतं, अशी त्यांची तक्रार. पुण्यात ती खरीच आहे.

"आणि एम.बी.बी.एस. ही तर बॅचलरची पदवी," मी आणखी पुढे गेलो. इथे मी चुकलो. एकशे एक एम.डी. आहेत, आणि एम.डी.मधला 'डी' डॉक्टरचाच. "शिवाय आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत एम.डी. झाल्या तेव्हा त्या कोणाच्या डॉक्टर होत्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "त्यांनी त्यासाठी प्रबंधही लिहिला होता. विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र." म्हणजे आनंदीबाई आम्हा दोघींच्याही... क्षमा करा, दोघांच्याही बाजूच्या निघाल्या. सभेनं एक गुण त्यांना आणि एक मला दिला.

दोनशे तीन मग सौम्यपणे म्हणाले, की ब्रिटनमध्ये सर्जन झालेला माणूस 'डॉक्टर' ही उपाधी टाकून पुन्हा 'मिस्टर' होतो. कारण जुन्या काळी कापाकापी करणारे लोक विद्यापीठातून येत नसत, न्हाव्यांच्या पंक्तीतून येत. १५४० साली लंडनमध्ये न्हावी आणि शस्त्रवैद्य यांची एकच कंपनी झाली. ती मोडली १७४५ मध्ये. आपल्याकडेही गळू फोडून घ्यायला लोक न्हाव्याकडेच जात होते की! पण तिथल्या सर्जनांनी त्या हिणवण्याचाच पुढे दागिना केला. मोठी परीक्षा पास झाल्यावर त्यांना कुणी 'डॉक्टर' म्हटलं तर आता कमीपणा वाटतो. हे ऐकून आमच्या सभेत कोणाला 'श्री.' व्हायचं आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. कोणीही हात वर केला नाही.

चारशे दोन आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "मला काहीही लावा. माझ्या पेशंटनी मला आजवर कधीच डॉक्टर म्हटलेलं नाही. लाथ मात्र मारलेली आहे."

खरं तर मराठी माणूस ही पदवी वाटण्याच्या बाबतीत मोठा उदार. माझ्या लहानपणी आमच्या गावात एकच डॉक्टर होते, एल.सी.पी.एस. त्यांच्या बायकोला सगळा गाव डॉक्टरीणबाई म्हणायचा, आणि बाटलीला डोसांची कागदी पट्टी चिकटवून तांबडं औषध भरून देणाऱ्या कंपाउंडरला छोटे डॉक्टर. एका माणसाच्या परीक्षेवर तीन माणसं डॉक्टर झाली होती, आणि गावाची त्याला ना नव्हती. आज रस्त्यानं जाताना मोबाईल डॉक्टर, कुकर डॉक्टर, सायकल डॉक्टर अशा पाट्या दिसतात. कुकर डॉक्टरकडे निदान रोगी बरा होऊन शिट्टी देतो.

आणि आपल्या रंगभूमीचं काय? डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे, डॉ. काशिनाथ घाणेकर दातांचे, डॉ. मोहन आगाशे मनाचे, डॉ. जब्बार पटेल लहान मुलांचे. नाटकाच्या जाहिरातीत नटाच्या नावाआधी 'डॉ.' छापणारी माणसं जगात आणखी कुठे असतील तर मला भेटायला आवडेल. तिकीट काढणाऱ्यानं कधी विचारलं नाही, की तिसऱ्या अंकात याचा उपयोग काय. उलट घाणेकरांचं नाव 'आणि डॉ.' असं आलं, की बाहेर हाउसफुल्लची पाटी लागायची.

दोनशे चारमधला संगणकवाला तरुण म्युनिकला चार वर्षं राहून आलाय. त्यानं सांगितलं, की जर्मनीत 'डॉ.' पासपोर्टवरसुद्धा लिहून मिळतं, घराच्या बेलवर तर असतंच. पण तिथे लोक ते तपासूनही बघतात. कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग नावाच्या संरक्षणमंत्र्यांच्या प्रबंधात उसनवारी सापडली, पदवी गेली आणि २०११ मध्ये खुर्चीही गेली. दोन वर्षांनी त्याच कारणावरून पदवी गेल्यावर आनेटे शावान यांना मंत्रिपद सोडावं लागलं. आणि त्यांच्याकडे खातं होतं शिक्षण आणि संशोधनाचं. "तिथे दोन शब्दांवरून मंत्री जातात," तो म्हणाला. मी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मनातल्या मनात चाळून घेतलं.

फिजिओथेरपीवाल्या मुलीची पाळी आली तेव्हा ती हसली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानं एक पत्र काढलं होतं, की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं गेलं. "म्हणजे मी एका रात्रीपुरती डॉक्टर नव्हते," ती म्हणाली. "तरी सकाळी काकूंचा गुडघा त्याच माणसाकडून वाकवून घेतला गेला." समोर बसलेल्या निम्म्या काकूंचे गुडघे तिच्याच हातचे होते. त्या सगळ्यांनी माना हलवल्या. इतकं भरघोस मतदान आमच्या सभेत क्वचितच होतं.

अध्यक्ष वकील आहेत आणि त्यांनाही 'ॲड.' हवं होतं, म्हणून त्यांनी राज्यघटना काढली. कलम १८. लष्करी किंवा विद्याविषयक सन्मान सोडून राज्यानं कोणालाही कसलीही उपाधी द्यायची नाही. रावबहादूर गेले, रावसाहेब गेले, 'सर' शाळेपुरते उरले. शिकून मिळवलेली उपाधी तेवढी घटनेनं राहू दिली. "मसुदा समितीचे अध्यक्ष स्वतः दोनदा डॉक्टर होते," अध्यक्षांनी पुस्ती जोडली. लंडनची डी.एससी. १९२३ ची, कोलंबियाची पीएच.डी. १९२७ ची.

तेव्हा मागच्या रांगेत आणखी एक हात वर गेला. चारशे तीनमधल्या आजी. त्यांची मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. आहे, हे निम्म्या सभेला ठाऊकच नव्हतं. मुलगी शेजारीच बसली होती आणि आईचा हात खाली ओढत होती. आजी म्हणाल्या, "आमच्या नावाआधी लोक काय काय लावायचे ते आम्ही ऐकलंय. आता हे लावा. टिंबासकट लावा."

सभेत कोणी काही बोललं नाही. मलाही त्यानंतर कोट्या सुचल्या नाहीत. गेली कित्येक वर्षं मी मोठ्या ऐटीत सांगत आलो होतो, की आपण काही नावाआधी डॉक्टर-बिक्टर लावत नाही, कोणी लावलंच तर ना म्हणत नाही. दारावरची पाटी विद्यार्थ्यांनी दिलेली, म्हणून लावलेली. पण मला ते सोडून द्यायला परवडत होतं, कारण माझं आडनाव चार पिढ्यांपासून पदवीचंच काम करत आलंय. ते सांगितलं की समोरचा खुर्ची पुढे करतो. ज्यांना आडनाव सांगितल्यावर खुर्ची मागे घेतल्याचा अनुभव आहे, त्यांच्यासाठी ते दोन दमड्यांचं टिंब ही हौस नाही. उपाधीवर हसायची चैन बहुतेक वेळा त्यांनाच सुचते, ज्यांच्याकडे ती दुसऱ्या वाटेनं आधीच आलेली असते.

शेवटी तोडगा मीच सुचवला, आणि त्याचं श्रेय त्या रात्रीच्या तापाला आहे. 'डॉक्टर' कोण हा प्रश्न सोडून द्यावा. मान्यताप्राप्त विद्यापीठातून शिकून ज्यांना तो शब्द मिळाला किंवा ज्यांच्या व्यवसायानं तो रूढ केला, त्या सगळ्यांना लावू द्यावा. फक्त नावापुढे कंसात लिहावं, कशाचे. लिहायच्या टेबलावर 'डॉ.'चा गैरसमज झाला तर फार तर हसू होतं. आजारी माणसाच्या उशाशी झाला तर जीव जातो. म्हणून ज्याच्या हातात आपण पोर, दात किंवा गुडघा देणार, त्याला 'तुम्ही कशाचे?' एवढं विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि विचारण्याआधीच ते सांगणं हे त्या टिंबाचं भाडं.

खजिनदारांनी कंसाचे दोन खांब कोणत्या दरात बसतात ते विचारलं. टिंबाच्या दरात, असं ठरलं. पाचशे दोन यांना कंसात काय घालू, असं सेक्रेटरींनी नम्रपणे विचारलं. त्यांनी बराच विचार केला. प्रमाणपत्र आणायला घरीही जाऊन आले. त्याच्यावरही विषय लिहिलेला नव्हता. "राहू द्या," ते म्हणाले, "'श्री.' सुटसुटीत दिसतं." विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांच्या याद्या वेळोवेळी जाहीर करतो, पण त्या आयोगाला जे पत्रकं काढून साधत नाही, ते आमच्या दोन कंसांनी वीस रुपयांत साधलं.

फलक गेल्या महिन्यात लागला. चारशे तीनच्या नावाशी थांबून आजी रोज पदराच्या टोकानं ते टिंब पुसतात. त्यामुळे अख्ख्या फलकावर तेच सगळ्यात जास्त चमकतं. माझ्या नावापुढे '(मराठी)' असं आहे. दोनशे चारच्या नातवंडवयाच्या मुलीनं ते अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "आजोबा, मराठीला काय झालंय?" मी म्हणालो, "विशेष काही नाही, जरा अशक्तपणा आहे. रोज थोडं वाचलं की बरं वाटेल."

रात्रीच्या बेली मात्र अजून माझ्याच दाराशी वाजतात. म्हणून एकशे एकमधल्या बाईंनी फलकाखाली स्वतःच्या खर्चानं आणखी एक ओळ लावून घेतली आहे: 'बेल दाबण्यापूर्वी कंस वाचावा.'