हाती लागेल ते

25 मार्च 2020 रोजी देशात टाळेबंदी सुरू झाली आणि नेमका गुढीपाडवा होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधून आमच्या अख्ख्या सोसायटीने वाचनाचा संकल्प सोडला. महाभारताचे खंड खाली उतरले. आठवड्याभरात त्यातला सगळ्यात जाड खंड लॅपटॉपखाली गेला, कारण ऑफिसच्या मीटिंगमध्ये चेहरा मधोमध यायला तेवढीच उंची लागत होती. बाकीचे खंड कॅमेऱ्यात दिसतील असे मागच्या फळीवर उभे राहिले.

खरी पंचाईत बाबांची झाली. पेपर आल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. एप्रिलमध्ये सरकारने पेपर छापायला परवानगी दिली, पण घरोघर टाकायला मनाई केली. नंतर बाकीच्या महाराष्ट्राला सूट मिळाली, मुंबई-पुण्याला नाही. मोबाइलवर पीडीएफ येई. पण दोन बोटांनी ताणून वाचावी लागते ती बातमीच नव्हे, असं बाबांचं मत. शेवटी त्यांनी माळ्यावरची रद्दी काढली. रोज एक अंक, अग्रलेखापासून 'नावात बदल'च्या जाहिरातींपर्यंत. एका सकाळी ते हॉलमधून ओरडले, "अगं, ऐकलंस का? भल्या पहाटे शपथ घेतली की यांनी!" अंक 24 नोव्हेंबर 2019चा होता. आई कांदा चिरता चिरता म्हणाली, "तीन दिवस थांबा, पडतंय ते सरकार."

हॉटेलं बंद झाल्यावर कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ला 1970 नंतर प्रथमच पुरुष वाचक लाभले असावेत. वाट्या-चमच्यांचं माप वाचूनही "वाटी कुठली घ्यायची?" हा प्रश्न घराघरांतून ऐकू येई. शेजारचे काका सॅनिटायझरच्या बाटलीवरचं '70 टक्के अल्कोहोल' वाचत बसत. दारूची दुकानं बंद असल्याने ते जरा जास्तच मन लावून वाचतात, असं काकूंचं निरीक्षण.

सक्तीची सुट्टी मिळाली म्हणून कोणी थोर वाचक होत नाही. ज्याला वाचल्याशिवाय राहवत नाही, तो रद्दीही वाचतो. राज्यातली ग्रंथालयं 15 ऑक्टोबर 2020पासून उघडली. त्याआधी नेलेलं एखादं पुस्तक अजून तुमच्या लॅपटॉपखाली असेल, तर कृपा करून परत करा. वाचून झालं का, असं ग्रंथपाल विचारत नाहीत.